तीन महिन्यांची पाठशाळा

विद्यार्थिमित्रहो, मोटार हाकणारा पायाखालच्या ज्या पट्टीवर दाब देऊन गाडीचा वेग वाढवितो, तिला अ‍ॅक्सिलरेटर म्हणतात, हे तुम्हांस ठाऊक आहेच. अलीकडे हाच शब्द उद्योगधंद्यांच्या क्षेत्रात एका निराळ्या अर्थाने रूढ झाला आहे. काही नवी कल्पना घेऊन नुकत्याच निघालेल्या कंपनीला स्टार्टअप असे नाव आहे. अशा कंपनीला थोडे भांडवल, अनुभवी माणसांचा सल्ला आणि ठराविक मुदत देऊन तिची वाढ घडवून आणणारी जी संस्था, तिला अ‍ॅक्सिलरेटर म्हणतात. या साहाय्याचा मोबदला म्हणून ती संस्था कंपनीच्या मालकीतील लहानसा हिस्सा आपणाकडे घेते. कंपनी बुडाली तर हिस्साही बुडाला, कंपनी वाढली तर हिस्साही वाढला, असा हा व्यवहार असतो.

अशा संस्थेत प्रवेश मिळालेल्या तरुणांचा दिनक्रम कसा असतो आणि तेथे त्यांस कोणते नवे अनुभव येतात, याचा विचार आम्ही या लेखात एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करणार आहोत.

या प्रकारच्या संस्थांत वाय कॉम्बिनेटर ही अग्रगण्य होय. पॉल ग्रॅहम, जेसिका लिव्हिंगस्टन, रॉबर्ट मॉरिस व ट्रेव्हर ब्लॅकवेल या चौघांनी २००५ मध्ये अमेरिकेत तिची स्थापना केली. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज या गावी पहिल्या तुकडीत ८ कंपन्या दाखल झाल्या. पुढे संस्थेचे कार्य कॅलिफोर्नियात, माउंटन व्ह्यू या गावी स्थिरावले. शाळेत जशी इयत्ता असते तशी येथे तुकडी असते. सर्व कंपन्या एकाच वेळी प्रवेश घेतात आणि तीन महिन्यांनी एकाच वेळी बाहेर पडतात. परंतु येथे घंटा नाही, हजेरीपट नाही आणि पाठ्यपुस्तकही नाही. पहिल्या काळात तर बसण्यासाठी कचेरीची खोलीसुद्धा मिळत नसे. ज्याने त्याने आपल्या बिऱ्हाडी काम करावे, असा रिवाज होता. आठवड्यातून एकदा, मंगळवारी रात्री, सर्वांनी एकत्र जेवावे, हा मात्र नेम असे. आरंभीच्या दिवसांत ग्रॅहम स्वतः स्वयंपाक करीत. भोजनास एखादा अनुभवी उद्योजक पाहुणा म्हणून येई आणि आपली फसलेली कामेही मोकळेपणाने सांगे. याशिवाय वेळ ठरवून सल्लागारांस भेटता येई. तीन महिन्यांच्या शेवटी प्रदर्शनाचा दिवस येई. त्या दिवशी प्रत्येक कंपनीने गुंतवणूकदारांच्या सभेत काही मिनिटांत आपले काम मांडावयाचे असे.

आता आमच्या उदाहरणाकडे वळू. ब्रायन चेस्की व जो गेबिया हे दोघे कलाशाखेचे पदवीधर सॅनफ्रान्सिस्को शहरात एका भाड्याच्या घरात राहत होते. २००७ च्या ऑक्टोबरात त्यांना घरभाड्याची विवंचना पडली. त्याच सुमारास शहरात एक परिषद भरून सर्व हॉटेले गजबजली होती. दोघांनी घरात हवा भरण्याच्या गाद्या टाकून तिघा पाहुण्यांची सोय केली व प्रत्येकाकडून ८० डॉलर घेतले. यातून आपल्या घरातील खोली पाहुण्यास भाड्याने देण्याची सोय करणारी कंपनी काढावी, ही कल्पना निघाली. नेथन ब्लेचार्झिक हा संगणकाचा जाणकार त्यांस मिळाला. हीच पुढे एअरबीएनबी या नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी.

तथापि प्रारंभ बिकट होता. २००८ च्या जूनमध्ये त्यांची ७ गुंतवणूकदारांशी गाठ घालून देण्यात आली. पाचांनी नकार कळविला, दोघांनी उत्तरही दिले नाही. परक्या माणसाला कोण घरात घेईल, हीच सर्वांची शंका होती. त्या वर्षी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांची निवडणूक होती. कर्ज फेडण्यासाठी या तरुणांनी दोन्ही उमेदवारांच्या नावांवरून न्याहारीच्या धान्याचे खोके तयार केले आणि ते ४० डॉलरांस एक याप्रमाणे विकून सुमारे ३०,००० डॉलर उभे केले. वाय कॉम्बिनेटरच्या मुलाखतीत ग्रॅहम यांना त्यांची मूळ कल्पना पसंत पडली नव्हती; परंतु खोके विकून तग धरणाऱ्यांच्या चिकाटीवर विश्वास ठेवून २००९ च्या हिवाळी तुकडीत त्यांना प्रवेश देण्यात आला.

संस्थेने २०,००० डॉलर दिले व कंपनीचा ६ टक्के हिस्सा घेतला. येथे क्षणभर थांबून गणित करून पाहा. ६ टक्क्यांची किंमत २०,००० डॉलर, तर सबंध कंपनीची किती? सुमारे ३,३३,००० डॉलर. पैशांची चणचण असताना हिस्सा देणे सोपे वाटते, पण दिलेला हिस्सा सहसा परत येत नाही. म्हणून अशा संस्थेत जाणाऱ्याने पहिला धडा अंकगणिताचाच शिकावा, असे आम्हांस वाटते. पुढे रकमा वाढल्या. २०२२ पासून वाय कॉम्बिनेटर प्रत्येक कंपनीस एकूण ५ लाख डॉलर देते. त्यांतील १,२५,००० डॉलर ७ टक्के हिस्श्यासाठी असतात आणि उरलेल्या रकमेचा हिस्सा पुढील गुंतवणुकीच्या वेळी ठरतो.

प्रवेश मिळताच तिघांनी एकाच घरात राहावे असे ठरले. तीन महिने, आठवड्याचे सातही दिवस, सकाळी ८ पासून मध्यरात्रीपर्यंत काम करावयाचे, असा त्यांनी परस्परांत करार केला. जागतिक मंदीचे ते दिवस होते. गुंतवणूकदार हात आखडून बसतील, तेव्हा मुदत संपण्यापूर्वी आपल्या पोटापुरते मिळवा, असे ग्रॅहम यांनी तुकडीला बजावले होते. संस्थापकांच्या साध्या जेवणापुरती प्राप्ती होऊ लागली, म्हणजे तेथील लोक जपानी शेवयांवरून तिला ‘रामेनपुरता नफा’ म्हणतात. आपण गोमंतकीय तिला पेजेपुरती प्राप्ती म्हणू. या तिघांसाठी तो आकडा आठवड्याला १,००० डॉलर होता. त्याचा आलेख काढून त्यांनी तो न्हाणीघराच्या आरशावर चिकटविला, म्हणजे सकाळी तोंड धुताना पहिली दृष्टी त्यावरच पडे. प्रत्यक्षात प्राप्ती होती आठवड्याला सुमारे २०० डॉलर.

या स्थितीत त्यांस सर्वांत महत्त्वाचा धडा मिळाला. तुमचे ग्राहक कोठे आहेत, असे ग्रॅहम यांनी विचारले. बहुतेक न्यूयॉर्कमध्ये आहेत, असे उत्तर आले. मग तुम्ही येथे माउंटन व्ह्यूमध्ये काय करता, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता. सल्ला घेण्यासाठी आलेल्या शिष्यांना गुरूनेच बाहेर पिटाळले! चेस्की व गेबिया आठवड्याच्या अखेरीस न्यूयॉर्कला जाऊ लागले, घरमालकांच्या दारांवर थाप देऊ लागले, त्यांच्याच घरी मुक्काम करू लागले. तेथे दोन गोष्टी ध्यानात आल्या. खोलीचे भाडे किती सांगावे हे मालकांना उमगत नव्हते, आणि त्यांनी काढलेली छायाचित्रे इतकी काळोखी होती की चांगल्या घरालाही पाहुणा मिळू नये. तेव्हा भाड्याने कॅमेरा आणून त्यांनी स्वतः घरोघर छायाचित्रे काढली. आठवड्याची प्राप्ती २०० वरून ४०० डॉलरांवर गेली. तीन महिने संपण्याच्या सुमारास आरशावरचा आकडा गाठला गेला, आणि २००९ च्या वसंतात त्यांना ६ लाख डॉलरांचे भांडवल मिळाले. २०२० च्या डिसेंबरात या कंपनीचे भाग सार्वजनिक बाजारात विक्रीस आले.

शाळेत आपणांस प्रश्नपत्रिका मिळते, तिची उत्तरे परीक्षकाला ठाऊक असतात, आणि परीक्षकाचा कल ओळखून लिहिणारा विद्यार्थी पुष्कळदा पुढेही जातो. या पाठशाळेत खरा परीक्षक सल्लागार नसून ग्राहक असतो. त्याच्याकडे प्रश्नपत्रिका नसते. त्याची अडचण काय आहे हे त्याच्या उंबरठ्यावर जाऊनच समजून घ्यावे लागते. हुशार व मेहनती तरुणांना हा पालट जड जातो, कारण आजवर त्यांनी मिळविलेले गुण येथे कामास येत नाहीत.

पण धडा येथे संपत नाही. या तिघांनी पाहुण्याला विचारले, घरमालकालाही विचारले. परंतु शेजाऱ्याला कोणी विचारले? शेजारी हा ग्राहक नसतो, म्हणून कोणत्याही आलेखात त्याला स्थान नसते. खोल्या प्रवाशांकडे जाऊ लागल्या तेव्हा रहिवाशांना घरे मिळेनाशी होतात, अशी तक्रार पुष्कळ शहरांतून उठली. ज्या न्यूयॉर्कने या कंपनीला पहिला धडा दिला, त्याच शहराने २०२३ च्या सप्टेंबरापासून कडक नियम अंमलात आणला. तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर द्यावयाचे तर नगरपालिकेकडे नोंद हवी, मालकाने स्वतः तेथे राहिले पाहिजे, आणि पाहुणे दोहोंपेक्षा अधिक नकोत. आपल्या गोव्यातही अशी घरे आज वाड्यावाड्यांवर दिसतात व ती पर्यटन खात्याकडे नोंदवावी लागतात. विहिरीचे पाणी, कचरा, रात्रीचा गोंगाट हे प्रश्न आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. वेग वाढविणाऱ्या पट्टीशेजारी गाडी थांबविणारी पट्टीही असते, हे उद्योजकाने विसरू नये.

भारतीय तरुणांनीही या मार्गाने जाण्यास प्रारंभ करून आता काही वर्षे झाली. आयकराचे विवरणपत्र भरणे सुलभ करणारी क्लिअरटॅक्स २०१४ मध्ये, आणि दुकानदारांस संगणकाद्वारे पैसे स्वीकारण्याची सोय करून देणारी रेझरपे २०१५ मध्ये वाय कॉम्बिनेटरमध्ये दाखल झाली. दोन्ही कंपन्यांचे मूळ येथल्या माणसाच्या रोजच्या अडचणीत होते, हे लक्षात घ्या. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू केली, आणि २०१७ मध्ये गोवा सरकारने आपले स्वतंत्र धोरण जाहीर केले. वेर्णे व फातोर्डा येथेही नवउद्योगांना आश्रय देणारी केंद्रे आहेत. तेव्हा तुमच्यापैकी कोणाला या विद्येची गोडी लागली, तर पहिले पाऊल टाकण्यासाठी विमानात बसण्याची गरज नाही.

पालकांसही एक गोष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. अशा संस्थांतून बाहेर पडलेल्या कंपन्यांपैकी अनेक पुढे बंद पडतात. नाव होते ते थोड्यांचे. दिवसाचे सोळा तास राबूनही हाती काही न लागण्याचा संभव असतो. म्हणून मुलाने अशी वाट धरली तर केवळ यशाच्या कथा ऐकून त्याला ढकलू नये, आणि अपयशाच्या भीतीने त्याला अडवूही नये. घरखर्च किती महिने चालेल, हिस्सा किती द्यावा लागेल, वस्तू घेणारा मनुष्य कोण, आणि त्या वस्तूने कोणाला उपद्रव होईल, ही चार उत्तरे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावीत.

आणि विद्यार्थिमित्रहो, पुढील स्नेहसंमेलनात तुम्ही खाद्यपदार्थांचे दुकान मांडाल, तेव्हा काय विकावे हे वर्गात बसून ठरवू नका. आदल्या आठवड्यात खालच्या वर्गांतील दहा मुलांना व दोन शिपाईकाकांना त्यांना काय हवे ते विचारा, त्यांची उत्तरे वहीत टिपून घ्या, आणि संध्याकाळी अंगण झाडणाऱ्या बाईंना कोणत्या कचऱ्याचा त्रास होतो, तेही विचारावयास विसरू नका.