गार पाणी इंजिनाला नको, हाताला हवं

मार्च सरत आला की खंबाटकी घाटाचा चढ लागण्याआधी रस्त्याच्या कडेला पुढची जाळी उघडून उभे असलेले ट्रक दिसू लागतात. त्यातले बरेचसे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडचे. काही ट्रकांचे ड्रायव्हर किंवा क्लीनर मग थोड्या वेळाने माझ्या दवाखान्यात येतात. मनगटापासून कोपरापर्यंत लालबुंद हात, हनुवटीवर आणि गळ्यावर फोड, आणि या सगळ्यावर टूथपेस्टचा जाड थर. वर्षं गेली, टूथपेस्टच्या कंपन्या बदलल्या, थर तोच आहे.

पाव तासाच्या आत ही मंडळी दोन चुका करतात. तापलेल्या इंजिनात घाईघाईनं गार पाणी ओततात, आणि पोळलेल्या हाताला मात्र पाण्याचा थेंब लागू देत नाहीत. नेमकं याच्या उलट करायला हवं.

‘डॉक्टर, पाणी लावलं की फोड येतो ना?’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता प्रश्न पूर्ण व्हायच्या आतच मान हलवतो. फोड पाण्यानं येत नाही. उष्णतेनं कातडीच्या वरच्या थराखाली इजा होते, तिथे पाझरलेला द्रव साठतो आणि फोड वर येतो. तो यायला काही मिनिटं लागतात, कधी काही तास. तोवर कुणीतरी पाणी लावलेलं असतं, म्हणून बोल पाण्याला लागतो. खरं तर रेडिएटरच्या वाफेचा झोत थांबला तरी कातडीत शिरलेली उष्णता आणखी खोल जात राहते. ती बाहेर काढायची तर वाहत्या, साध्या गार पाण्याखाली पोळलेला भाग सलग २० मिनिटं धरायचा. लगेच जमलं नाही तरी पहिल्या ३ तासांत केव्हाही धरला तर उपयोग होतो. मात्र बर्फ नको. बर्फानं रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच अर्धमेली झालेली कातडी पूर्ण मरते.

२० मिनिटं म्हणजे घड्याळ लावून २० मिनिटं. ‘धुतला की हात’ असं सांगणाऱ्यांनी तो जेमतेम अर्धं मिनिट धुतलेला असतो.

मागच्या उन्हाळ्यात एक मामा-भाचे आले. मामांनी नुकताच एका दलालाकडून जुना दहाचाकी घेतला होता आणि भाचा त्यावर क्लीनर होता. चढाच्या अलीकडे तापमानाचा काटा लालमध्ये गेला, मामांनी गाडी बाजूला घेतली, आणि ते बाटल्या भरायला जाईपर्यंत पोरानं फडक्यानं रेडिएटरचं झाकण फिरवलं. डोळे वेळेवर मिटले म्हणून नजर वाचली. गाल, गळा आणि उजवा हात पोळला. ढाब्यावरच्या कुणीतरी टूथपेस्ट लावली, दुसऱ्यानं वर हळद दाबली, तिसऱ्यानं मोबाईलवर बघून अंड्याचा पांढरा बलक सुचवला. नशीब, अंडी संपली होती! दवाखान्यात येईपर्यंत हात इतका सुजला होता की मनगटातलं कडं रुतून बोटं निळसर पडली होती. कडं कापावं लागलं. जखम किती खोल आहे हे बघण्यासाठी आधी तो थर धुऊन काढावा लागला, आणि पोरगा पोळण्यापेक्षा त्या धुण्यानंच जास्त ओरडला. मामा बाहेर जाऊन उभे राहिले.

म्हणून सांगतो, पोळल्याबरोबर पाण्याखाली हात धरतानाच अंगठी, कडं, घड्याळ, धागेदोरे काढा. सूज आल्यावर ते निघत नाहीत. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका. पाणी झाल्यावर स्वच्छ, कोरडं सुती कापड सैल गुंडाळा आणि या. हळद, तूप, शाई, कॉफी, पीठ, यातलं काहीही नको. खाजेसाठी दुकानातून आणलेली स्टिरॉइडची ट्यूब तर मुळीच नको. ती लावून आलेल्यांची जखम आठवडाभर पुढे सरकत नाही आणि वर जंतुसंसर्ग होतो.

आता झाकणाकडे येऊ. रेडिएटर बंद असतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक बारने जास्त असतो. त्यामुळे आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही, सुमारे १२० अंशांपर्यंत पाणीच राहतं. झाकण सैल होताच दाब उतरतो, त्या पाण्यातल्या काही भागाची तत्क्षणी वाफ होते आणि ती उरलेलं उकळतं पाणी घेऊन तोंडावर येते. फडकं यात काही करू शकत नाही. नव्या गाड्यांत झाकण पांढऱ्या प्लास्टिकच्या टाकीवर असतं, म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. तिथेही आत तोच दाब असतो.

काटा चढू लागला की एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण चालू करा आणि सुरक्षित जागा बघून थांबा. इंजिन बंद करून निदान अर्धा तास हात लांब ठेवा. वरचा होज पाईप हातात धरवेल इतका निवला, मगच जाड कापड घेऊन, तोंड बाजूला करून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा. फुसफुस पूर्ण थांबल्यावर उघडा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो, आणि त्याचं बिल माझ्या बिलापेक्षा पुष्कळ मोठं असतं.

मी मिस्त्री नाही. पण पोळलेल्या प्रत्येकाला गाडीची हकिकत विचारतो, कारण गाडी दुरुस्त झाली नाही तर हाच माणूस पुन्हा येणार हे ठाऊक असतं. उभी असताना तापते आणि पळताना निवते, तर बहुधा पंखा, त्याचा क्लच किंवा बेल्ट. चढाला भार घेऊन तापते, सपाटीला ठीक, तर रेडिएटर आतून चोक झाला असेल किंवा बाहेरून धूळ-किड्यांनी बुजला असेल. एसी लावल्यावरच काटा चढतो, तर एसीचा कंडेन्सर बहुतेकदा रेडिएटरच्या पुढ्यातच असतो. त्याच्या गरम हवेवर रेडिएटरला भागवावं लागतं, आणि दोघांच्या मध्ये साठलेला कचरा कुणी काढत नाही. गळती दिसत नाही तरी पाणी कमी होतं, पांढरा धूर येतो, ऑइल दुधाळ दिसतं, तर हेड गॅसकेट. ती गाडी घेऊ नका, घेतली असेल तर चढाला नेऊ नका. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा ती थंड असताना चालू करायला सांगा. दलालानं आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

या बाबतीतही भोंदू आहेतच. थर्मोस्टॅट काढून फेकणारे मिस्त्री मला चांगले माहीत आहेत. काही इंजिनांत त्यामुळे पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरतं आणि गाडी आणखी तापते. गळती बंद करायला रेडिएटरमध्ये हळद टाकणारे तर जागोजागी आहेत. मुक्कामापर्यंत पोचायला तिचा उपयोग होतही असेल, पण तीच हळद पुढे बारीक नळ्यांत गाळ होऊन बसते. म्हणजे आधी हळद रेडिएटरमध्ये, आणि रेडिएटर चोक होऊन उसळला की तीच हळद हातावर!

एसीचंही तसंच. दर उन्हाळ्यात ‘गॅस भरून घेतला’ असं अभिमानानं सांगतात. एसीचा गॅस वापरून संपत नाही, तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे ताप का आला हे न बघता रोज गोळी गिळणं. आणि तो सिलिंडर स्वतः हाताळू नका. गाड्यांत सर्रास वापरला जाणारा आर-१३४ए वायू उणे २६ अंशांना उकळतो. त्याचा द्रव हातावर उडाला तर कातडी गोठते. तिथे चोळायचं नाही, कोमट पाणी वापरायचं.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या, साडेतीन टनांहून जास्त एकूण वजनाच्या मालवाहू गाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. चांगलंच झालं. पण जुन्या गाडीचा ड्रायव्हर काटा खाली आणण्यासाठी एसी बंद करतो, हीटर चालू करतो आणि मे महिन्याच्या दुपारी त्या भट्टीत बसून घाट चढतो. गाडीसाठी पाण्याचे दोन कॅन, स्वतःसाठी तंबाखूची पुडी. डोकं दुखणं, पायात गोळे, मळमळ, लघवी गडद आणि कमी, एवढं झालं की तिथेच थांबा. सावलीत बसा, ओआरएस किंवा मीठ-साखर-पाणी घोट घोट घ्या, यातून माणूस पूर्ण बरा होतो. पण तो असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, फिट आली, तर तो उष्माघात समजा. अशा वेळी घाम येत असला तरी फसू नका. कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

काचा लावून, इंजिन आणि एसी चालू ठेवून केबिनमध्ये झोपायची सवय मात्र सोडाच. जुन्या गाडीचा एक्झॉस्ट फुटका असला तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला वास नसतो. झोपून उठल्यावर डोकं जड, उलटीची भावना आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटणं, ही त्याची खूण आहे. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर यात आकडा चांगला दाखवतं, त्यावर विसंबू नका.

पोळलेल्यांनी कधी घाबरायचं नाही, तेही सांगतो. लाली, थोडी आग, एखादा लहान फोड, यांची काळजी नको. फोड फोडू नका, आठ-पंधरा दिवसांत कातडी येते. पण चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा जननेंद्रिय पोळलं असेल, जखम बोटांसह तळहातापेक्षा मोठी असेल, आवाज घोगरा झाला असेल, किंवा डोळ्यात काही गेलं असेल, तर पाणी मारून लगेच निघा. मधुमेह असेल तर लहान जखमही दाखवा. आणि पांढरी पडलेली, न दुखणारी जागा बघून ‘दुखत नाही, म्हणजे बरं आहे’ म्हणू नका. तिथल्या नसाच जळालेल्या असतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायला विसरू नका.

एक शेवटचं, घरच्यांसाठी. रेडिएटरमधून काढलेलं कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवतात. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि रंगानं सुंदर, आणि लहान मुलाला त्याचा एक घोटही जीवघेणा ठरू शकतो. नळी तोंडाने ओढून ते काढणाऱ्या मोठ्यांनाही हेच लागू आहे. पहिले काही तास माणूस फक्त दारू प्यायल्यासारखा दिसतो, मूत्रपिंडं नंतर बंद पडतात. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका, आणि ‘दारू हाच उतारा’ असा व्हिडिओ बघून घरी पेला भरू नका. उतारा आहे, पण तो रुग्णालयात, तपासण्या करून आणि लवकर दिला तरच लागू पडतो. लक्षणांची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात जा, आणि जाताना ती बाटली किंवा कॅन सोबत घ्या.