कुंडीतील माती आणि खत
(इयत्ता सहावी व सातवी : सामान्य विज्ञान)

हेतू : शेणखत व रासायनिक खत यांच्या कार्यातील भेद विद्यार्थ्यांनी स्वतः पाहून समजून घ्यावा.

शिवथरसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावी पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्यावरील शाळेची बाग त्यात टिकत नाही. म्हणून हा प्रयोग वर्गात, उजेडाच्या खिडकीपाशी करावा.

पूर्वज्ञान : शेण, टहाळ, पाला व माती यांचे थर रचून राब भाजताना मुलांनी पाहिलेले असते. राबाच्या राखेतून रोपांना पोटॅश मिळते. नत्र मात्र बरेचसे धुरावाटे निघून जाते. यावरून ‘खतात नेमके काय असते?’ हा प्रश्न उपस्थित करावा.

साहित्य : सारख्या आकाराच्या, तळाला भोक असलेल्या चार कुंड्या, चाळलेली लाल माती, चांगले कुजलेले शेणखत, युरिया, माठाचे बी. माठाचे बी अतिशय बारीक असते. त्यातील अन्नसाठा लवकर संपतो व खताचा परिणाम लवकर दिसतो.

कृती : पहिल्या कुंडीत केवळ माती घ्यावी. दुसरीत तीन भाग माती व एक भाग शेणखत मिसळावे. तिसरी व चौथी यांत पुन्हा केवळ माती घ्यावी. बी उगवल्यावर प्रत्येकीत पाचच रोपे ठेवावीत. तिसरीला दर दहा दिवसांनी, एक लिटर पाण्यात एक ग्रॅम युरिया विरघळवून, त्यातील अर्धा कप द्यावा. तीन आठवड्यांनी चौथीत चमचाभर कोरडा युरिया घालून पाणी द्यावे. उजेड व पाणी सर्वांस समान असावे. युरिया साखरेसारखा दिसतो; तो शिक्षकांनी स्वतःच हाताळावा व कुलपात ठेवावा.

निरीक्षण : रोपांची उंची व पानांचा रंग दर आठवड्यास वहीत नोंदवावा. चौथ्या कुंडीतील रोपे करपतात. महिन्याअखेर पहिल्या तीन कुंड्यांत एकेक कप पाणी ओतून खाली गळलेले पाणी मोजावे. नंतर दोन दिवस पाणी न देता कोणती रोपे आधी माना टाकतात, ते पाहावे. निकाल अपेक्षेहून निराळा आला, तरी जे दिसले तेच लिहू द्यावे.

विवरण : वनस्पती आपले अन्न सूर्यप्रकाशात स्वतः तयार करतात, खत त्यांना क्षार पुरविते. शेणातील नत्र असो वा युरियातील, जमिनीतील सूक्ष्म जीव त्याचे रूपांतर करतात आणि मुळे ते एकाच रूपात शोषून घेतात. भेद आहे तो वेगाचा व मागे उरणाऱ्या मातीचा. युरियात ४६ टक्के नत्र असते. तो त्वरित विरघळतो व जादा पाण्याबरोबर तितक्याच त्वरेने वाहून जातो. शेणखतात नत्र अल्प, पण ते सावकाश सुटते, आणि माती भुसभुशीत होऊन ओल धरते. आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात पालापाचोळा व शेण कुजविण्याची जी पद्धत सिद्ध केली, तिचे मर्म हेच होय. ताजे शेण मात्र कुंडीत घालू नये; ते कुजताना मुळांस अपाय होतो.

शिक्षकांस सूचना : कोणतेही एक खत चांगले व दुसरे वाईट, असा निर्णय फळ्यावर लिहू नये. मोठ्या पावसाच्या तोंडावर उताराच्या शेतात टाकलेला युरिया ओढ्यास मिळतो आणि शेतकऱ्याचा पैसा त्यासह वाहून जातो. कुंडीखालचे पाणी मोजलेला मुलगा ही गोष्ट घरी सांगू शकेल. या पाठाचे खरे फळ तेच.

स्वाध्याय : आपल्या घरी कोणते खत, केव्हा व किती घालतात, ते वडीलधाऱ्यांस विचारून लिहा.