आधी रेशनकार्ड, मग मन

मानसशास्त्रात एम.ए. झालीस आणि आता आपत्तीत सापडलेल्या माणसांसाठी काम करायचं म्हणतेस. कडावला घरी सगळ्यांचा एकच प्रश्न, हे कसलं करिअर? खरं सांगू का, करिअर आहे गं, आणि तुला जमेल असं आहे.

इर्शाळवाडीचंच बघ. १९ जुलै २०२३ ची रात्र, आपल्या शेजारच्या खालापुरातली ठाकर आदिवासींची वाडी, आणि तिच्यावर कोसळलेली दरड. दरडीखालून २७ मृतदेह निघाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि २३ जुलैला शोध थांबला. वाचलेल्यांना चौकजवळ कंटेनरच्या घरांत आणलं. अशा दारात जाऊन "काय वाटतंय, मोकळेपणी बोला" म्हणायचं नाही हं. जागतिक आरोग्य संघटनेचीही सूचना आहे, घडलेलं सांगायला कुणाला भाग पाडू नका. तिच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत तीनच कामं आहेत: बघणं, ऐकणं आणि मदतीशी जोडून देणं. तिसऱ्याला कमी लेखू नकोस. घर गाडलं गेलं की रेशनकार्ड, आधार, पासबुक सगळंच जातं. बाई त्याच काळजीत असेल तर आधी तिच्याबरोबर तलाठ्याकडे जा. मनातलं ती बोलली तर येताना बोलेल, नाही बोलली तरी चालेल.

आणि जिचं माणूस हातीच लागलं नाही, तिला "आता विसर" असं चुकूनही म्हणू नकोस. तिची वाट बघणं वेडेपणा नव्हे. दिवस कधी घालायचे, घालायचे की नाही, ते तिला नि वाडीतल्या जाणत्यांना ठरवू दे.

आता पगाराचं. या कामात बरीचशी पदं प्रकल्पापुरती, करारावर असतात. म्हणून सही करण्याआधी मुदत, मुक्काम आणि तुझ्या कामावर कोण ज्येष्ठ देखरेख ठेवणार, हे विचारून घे. देखरेख नसेल तर सरळ नाही म्हण. रोज दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्याला स्वतःचं मन मोकळं करायला जागा हवीच, त्यात कमीपणा नाही. आणि बघ, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी झाल्याशिवाय नावापुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लावायचं नाही. झोप उडालेली, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणारी व्यक्ती भेटली तर एकटीने सांभाळू नकोस, लगेच डॉक्टरांकडे ने. टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पाठ करून ठेव, तो दिवसरात्र चालू असतो.

ठाकरवाड्यांत आतापासूनच जात जा, पाऊस कोसळायची वाट बघू नकोस. आणि रविवारी आईला घेऊन माझ्याकडे ये, मुक्कामाचं तिला मी समजावते.