एकट्यानें विषय मांडतांना

वर्गांत पाठ ऐकणें, तो घरीं वाचणें आणि परीक्षेंत त्यावरील प्रश्नांचीं उत्तरें लिहिणें, ह्या तीन गोष्टी विद्यार्थ्यांच्या अंगवळणीं पडलेल्या असतात. चौथी एक गोष्ट आहे. ती म्हणजे शिक्षकांच्या जागीं एकट्यानें उभें राहून तोच पाठ इतरांस समजावून देणें. ही चौथी गोष्ट विद्यार्थी शक्य तोंवर टाळतात, आणि पुष्कळ पालक तिला वक्तृत्वाच्या बक्षिसापुरतीच किंमत देतात. वस्तुतः वक्तृत्वाशीं तिचा संबंध थोडा आहे. आपणांस विषय किती कळला आहे, हें तिच्यावांचून सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं.

उदाहरणार्थ, चंद्राच्या कला घेऊं. पुस्तकांत हा विषय एका पानांत आटोपतो. चंद्र स्वयंप्रकाशी नाहीं. त्याचा सूर्याकडील अर्धा भाग उजळलेला असतो. त्या उजळलेल्या भागाचा जितका अंश आपल्याकडे वळलेला असतो तितकी कला आपणांस दिसते. हीं वाक्यें पाठ करणाऱ्या मुलांस गुण पुरे मिळतात. पण त्यांनाच रस्त्यांत कोणी विचारलें कीं, चंद्र लहान लहान कां होत जातो, तर बरींच मुलें "त्यावर पृथ्वीची सावली पडते म्हणून" असें सांगून मोकळीं होतील. पुस्तकांतलें कारण आणि मनांतलें कारण हीं एकाच डोक्यांत शेजारीं शेजारीं सुखानें नांदत असतात. त्या दोहोंची गांठ पडावी असा प्रसंग लेखी परीक्षा सहसा आणीत नाहीं.

समजा, हा विषय आठव्या इयत्तेंतील एका विद्यार्थिनीकडे आला. अर्ध्या तासांत तिनें तो सबंध वर्गास समजावून द्यावयाचा आहे. चौघींनीं मिळून मांडावयाचा असता, तर आकृति एकीनें काढली असती, बोलली दुसरी असती, आणि जेथें अडलें तेथें तिसरीनें सांवरून घेतलें असतें. एकटीला ही सोय नाहीं. म्हणून ती आदल्या रात्रीं पाटीवर आकृति काढून पाहते. मध्यें पृथ्वी, डावीकडे सूर्य, आणि अमावास्येचा चंद्र त्या दोहोंमध्यें. आतां सावली दाखवावयाची. पण पृथ्वीची सावली तर पडते उजवीकडे, सूर्याच्या विरुद्ध बाजूस! अष्टमीचा चंद्र काढला, तर त्यालाही ती सावली लागत नाहीं. ज्या कारणावर ती आजवर निर्धास्त होती, तें पेन्सिलीच्या दोन रेघांनीं खोटें ठरतें. कोणी तिची चूक काढलेली नसते, कोणी रागें भरलेलें नसतें. उद्यां चाळीस मुलींपुढें ही आकृति काढावयाची आहे, एवढ्याच काळजीनें हें काम केलेलें असतें.

दुसऱ्या दिवशीं वर्गाचीं दारें-खिडक्या लावून अंधार केला आहे, टेबलावर कंदील आहे, आणि काडीला टोंचलेलें एक मोसंबें हातभर अंतरावर, डोक्याहून किंचित् उंच धरून ती कंदिलाकडे तोंड करून उभी आहे. मोसंब्याची तिच्याकडील बाजू काळी, ही अमावास्या. ती डावीकडे पाव फेरा वळते, तों मोसंब्याची उजवी बाजू उजळते. ही शुक्ल अष्टमी. कंदिलाकडे पाठ होते, तों समोरचें मोसंबें पूर्ण उजळलेलें; ही पौर्णिमा. तिला सारें स्वच्छ दिसतें. ती मोठ्या उत्साहानें विचारते, "दिसलें ना?" आणि वर्ग एकमुखानें म्हणतो, "नाहीं!"

वर्गाचें म्हणणें खरें असतें. ह्या प्रयोगांत पृथ्वीची जागा म्हणजे मोसंबें धरणारीचें डोकें. कला दिसावयाच्या त्या तेथूनच. बांकांवर बसलेलींना त्याच क्षणीं मोसंब्याची निराळीच बाजू दिसत असते. मला वाटतें, विषय मांडणाऱ्यास मिळण्याजोगा सर्वांत मोलाचा धडा ह्या "नाहीं"मध्यें आहे, आणि तो खगोलाच्या फार पलीकडचा आहे. आपल्या जागेवरून जें उघड दिसतें, तें समोरच्याच्या जागेवरून मुळींच दिसत नसेल, हें ऐकण्याच्या बांकावर बसून कधींच कळत नाहीं. उपाय सोपा आहे. एकेकीला मध्यें बोलावून मोसंबें तिच्याच हातीं द्यावें. मग कोणी तरी तें डोक्याच्या उंचीवर धरते, पौर्णिमेच्या वेळीं तिच्या डोक्याची सावली मोसंब्यावर पडते, वर्ग हंसतो, आणि न योजतां चंद्रग्रहण होऊन जातें! लगेच मागल्या बांकावरून प्रश्न येतो: "मग दर पौर्णिमेस ग्रहण कां होत नाहीं?" चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशीं सुमारें ५ अंशांनीं कललेली आहे, म्हणून बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. मोसंबें आरंभीं डोक्याहून उंच धरलें होतें, तें ह्याचसाठीं. मांडणारीला हें ठाऊक असेल किंवा नसेल. नसेल तर "मला माहीत नाहीं, पाहून सांगेन" असें तिनें म्हणावें. आणि शिक्षकांनीं त्या वेळीं उत्तर देण्याची घाई करूं नये. ही घाई आंवरणें कठीण आहे, हें आम्हां शिक्षकांस चांगलें ठाऊक आहे.

ऐकणाऱ्याच्या जागेचा असाच विचार मायकेल फॅरडे ह्या थोर शास्त्रज्ञानें तरुणपणीं केला होता. त्याचा जन्म १७९१ मधला, बाप लोहार. तो स्वतः पुस्तकें बांधण्याचें काम शिकलेला, शाळेंतलें शिक्षण जुजबी. १८१३ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें तो मदतनीस म्हणून लागला, आणि त्याच वर्षीं आपल्या ॲबट नांवाच्या मित्रास त्यानें व्याख्यान कसें असावें ह्याविषयीं लांब पत्रें लिहिलीं. सभागृह कसें असावें, उपकरणें कशीं मांडावीं, तासाहून अधिक वेळ कां घेऊं नये, ह्या सर्वांचा त्यांत ऊहापोह आहे. तोंवर त्यानें स्वतः व्याख्यान दिलेलें नव्हतें. दुसऱ्यांचीं ऐकतांना हें सर्व टिपून ठेविलें होतें. पुढें १८१६ सालीं सिटी फिलॉसॉफिकल सोसायटी ह्या होतकरू तरुणांच्या मंडळांत त्यानें आपलें पहिलें व्याख्यान दिलें. नांवारूपास आल्यावरही तो भरभर बोलूं लागे, म्हणून "हळू" असें लिहिलेलें कार्ड समोर ठेवी, आणि विसर पडला तर तें पुढें करण्याची त्याच्या मदतनिसास आज्ञा असे. मुलांसाठीं त्यानें नाताळांत दिलेलीं मेणबत्तीवरचीं सहा व्याख्यानें १८६१ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानें! अशा साध्या वस्तूंत इतकें सांपडावयास ऐकणाऱ्यांचे प्रश्न आधींच मनांत ऐकूं यावे लागतात.

आपल्याकडेही ही रीत नवी नाहीं. मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थ्यांनीं व प्राध्यापकांनीं १८४८ सालीं एक सभा स्थापिली. तींत विद्यार्थी निबंध वाचीत व त्यांवर चर्चा होई. तिच्या मराठी व गुजराथी ज्ञानप्रसारक शाखा होत्या, म्हणजे इंग्रजींत शिकलेलें स्वभाषेंत सांगण्याची कसोटी त्या तरुणांनीं आपण होऊन पत्करली. १८४९ मध्यें मुंबईंत मुलींच्या शाळा काढून त्यांत शिकवावयास जे उभे राहिले ते ह्याच सभेचे सभासद. दादाभाई नौरोजी त्यांपैकींच एक.

आतां पालकांस एक विनंति. आपल्या मुलाची फजिती होऊं नये ह्या मायेनें पुष्कळ घरांत वडील किंवा थोरला भाऊ भाषण लिहून देतो आणि मूल तें पाठ करतें. असें भाषण ऐकावयास गोड असतें. पण मध्येंच कोणी प्रश्न विचारला कीं त्या मुलाची जी अवस्था होते ती पाहवत नाहीं, कारण परत कोठून सुरुवात करावी हेंही त्याला कळत नाहीं. त्याऐवजीं आदल्या रात्रीं अर्धा तास समोर बसावें आणि, आईला विषय ठाऊक नसेल तर फारच उत्तम, तिनेंच प्रश्न विचारावे. न शिकलेल्या आजीचा "म्हणजे काय रे?" हा प्रश्न तर कित्येकदां सर्वांत अवघड ठरतो. भित्र्या मुलानें प्रथम पांच मिनिटांचाच विषय घ्यावा. हातांत दाखविण्याजोगी एखादी वस्तु असली म्हणजे लोकांचे डोळे तिच्याकडे लागतात आणि त्याचा जीव थोडा खालीं पडतो.

विषय मांडून झाल्यावर जे प्रश्न अनुत्तरित राहिले ते त्याच दिवशीं वहींत लिहून ठेवावे आणि आठ दिवसांत वर्गास त्यांचीं उत्तरें द्यावीं. वरील विद्यार्थिनीच्या वहींत दोन प्रश्न असतील असें धरूं. अमावास्येस चंद्र असतो कोठें? तो साधारणपणें सूर्याबरोबरच उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो. दिवसभर आकाशांत असतो, पण उजळलेली बाजू पलीकडे. आणि दुसरा: कंदिलाचें ठीक, पण खऱ्या चंद्राचें असेंच आहे कशावरून? ह्याचें उत्तर वर्गांत देतां येत नाहीं. शुक्ल अष्टमीस चंद्र दुपारच्या सुमारास उगवतो. म्हणून त्या दिवशीं चार वाजतां सर्वांनीं मैदानांत जावें. आकाश निरभ्र असेल तर उन्हांत उभें राहून एक पांढरा चेंडू चंद्राच्या दिशेनें धरावा. एकाच सूर्यानें चेंडू आणि चंद्र दोन्ही एकाच बाजूनें, सारखेच अर्धे उजळलेले दिसतात.