चेअरमन आणि सभासदाचे मत

पीककर्ज लागले की आपण सोसायटीत जातो. खताचे पोते पाहिजे असले, तरी पुष्कळ गावांत तिथेच जातो. सोसायटीचा शेअर आपल्या नावावर असतो. म्हणजे आपण तिचे गिऱ्हाईक नाही, मालक आहोत. एकटे नव्हे, गावातल्या सगळ्या सभासदांबरोबरचे मालक.

पण वार्षिक सभेला गेलो की हाच मालक मागे भिंतीला टेकून बसतो. पुढे टेबल, टेबलामागे चेअरमन. ते म्हणतात, "विषय नंबर चार, मंजूर?" पुढच्या ओळीतले दोघे-तिघे ओरडतात, "मंजूर, मंजूर!" लगेच विषय पाच सुरू होतो. विषय चार काय होता, हे मागच्यांना घरी पोचल्यावरही कळत नाही. आता तुम्हाला वाचता येते, म्हणून हे आम्ही लिहीत आहोत.

चेअरमनला अधिकार आहेत, ते नाकारू नका. कोणी आधी बोलायचे, कोणी नंतर, हे तो ठरवतो. कोणी आरडाओरड केली तर त्याला खाली बसवतो. गोडाऊनचा विषय चालू असताना कोणी बांधाचे भांडण काढले, तर "तो विषय इथला नव्हे" असे सांगतो. शाळेतला मॉनिटर आठवा. तो वर्ग शांत ठेवतो, पण मुलांना मार्क देत नाही. चेअरमनचे तसेच आहे. तो सभा चालवतो. निर्णय सभा करते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 सालचा आहे. त्याच्या कलम 27 मध्ये लिहिले आहे की एका सभासदाला एकच मत. शेअर एक असो की पन्नास असोत, मत एकच. हा नियम फार जुना आहे. इंग्लंडात रॉचडेल गावी 1844 साली 28 कामकऱ्यांनी मिळून दुकान काढले. त्यांत विणकर बरेच होते. पैसा कोणी जास्त घालो की कमी, माणशी मत एक, असे त्यांनी ठरवले. तीच रीत पुढे जगभरच्या सहकारी संस्थांनी घेतली.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, सोसायटीचे गोडाऊन भाड्याने द्यायचे आहे. घेणारा चेअरमनचा पाहुणा आहे. भाडे कमी आहे, आणि बियाणे-खत ठेवायला सभासदांना दुसरी जागा नाही. सभेला 71 जण हजर आहेत. बाजूने 33 हात वर झाले, विरुद्ध 38. मग गोडाऊन द्यायचे नाही, असे ठरले. चेअरमनला ते पसंत नसले तरी ठरले. "तुम्हाला यातले काय कळते, तुमचे हात मी धरत नाही," असे त्याला म्हणता येत नाही. ज्याला कळत नाही, त्याचेही मत मोजायचे असते. आणि कोणाला कळते हे ठरवायला चेअरमनला कोणी बसवलेले नाही.

चेअरमन स्वतः सभासद असतो, म्हणून त्याचेही एक मत असते. मते दोन्हीकडे सारखी पडली, समजा 35 आणि 35, तरच कायदा त्याला आणखी एक मत देतो. त्याला निर्णायक मत म्हणतात. एका मताचाही फरक असला, तर ते वापरता येत नाही. दिल्लीला लोकसभेचा अध्यक्ष तर एरवी मतच देत नाही. बरोबरी झाली तरच देतो. राज्यघटनेच्या 100 व्या कलमात तसे आहे.

दुसरी गोष्ट घरातली. शेअर बाईच्या नावावर, आणि सभेत हात वर करतो तिचा कारभारी. हे चालत नाही. मत ज्याचे त्याने स्वतः यायचे आणि द्यायचे, असे त्याच कलमात आहे. पुष्कळ चेअरमन याकडे कानाडोळा करतात, आणि खरे सांगायचे तर नवरेमंडळीही करतात. तेव्हा बायांनो, सभेची नोटीस आली की ती स्वतः वाचा आणि स्वतः जा.

"माझ्या बाजूने हात वर कर, नाहीतर तुझे कर्ज अडवतो," असा दम कोणी दिला तर घाबरू नका. कर्जाच्या अर्जावर कमिटीने विचार करायचा असतो, चेअरमनने एकट्याने नव्हे.

सगळ्यांत वाईट आम्हाला वाटते ती कोरी सही. गडी शेतावर वही घेऊन येतो आणि म्हणतो, "काका, इथे करा सही, हजेरीची आहे." वरचा कागद कोरा असतो. रात्री त्यावर ठराव लिहिला जातो. हजेरीची सही म्हणजे होकार नव्हे, पण कागद पुढे आला की ते शाबीत करताना दमछाक होते. म्हणून कोऱ्या पानावर सही करू नका, अंगठाही देऊ नका. सभेत विरोध केला असेल तर उभे राहून म्हणा, "माझा विरोध लिहून घ्या." नंतर सोसायटीत जाऊन प्रोसिडिंग बुक वाचा. सभेचे इतिवृत्त सभासदाला कचेरीत बसून फुकट पाहता येते. कलम 32 मध्ये तो हक्क आहे. गटसचिव म्हणेल, "उद्या या." उद्या जा.

सभाच बोलावत नसतील तर? एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली, की एक महिन्याच्या आत खास सभा बोलवावी लागते. कलम 76 पाहा. 240 सभासद असतील तर 48 सह्या पुरतात. पोटनियमात वेगळा आकडा दिला असेल तर तोही चालतो, म्हणून पोटनियम आधी वाचून घ्या. अर्ज साधा असतो:

"आम्ही खाली सह्या करणारे सभासद मागणी करतो की, सोसायटीचे गोडाऊन भाड्याने द्यावे की नाही, या विषयावर खास सर्वसाधारण सभा बोलवावी."

खाली प्रत्येकाचे नाव, सभासद नंबर आणि सही. अर्जाच्या दोन प्रती करा. एक सोसायटीत द्या. दुसरीवर गटसचिवाची सही, तारीख आणि शिक्का घ्या, आणि ती घरी जपून ठेवा. महिना त्या तारखेपासून मोजायचा. तेवढ्यात सभा लागली नाही, तर ती प्रत घेऊन तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या कचेरीत जा. ती सभा बोलावण्याचा अधिकार मग निबंधकाकडे जातो.