मार्थेची तक्रार



इटलीतील 15 वर्षांचा कार्लो अकुतिस रक्ताच्या कर्करोगाने 12 ऑक्टोबर 2006 रोजी मरण पावला. आजार कळून काहीच दिवस झाले होते. 7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केले तेव्हा त्याचे आईवडील समोर बसले होते. संत म्हणून आपण त्याला मान देतो, पण त्या घराने आधी पोटचा मुलगा गमावला होता.

अशा घरी सांत्वनाला जाऊन आपण काय बोलतो? “देवाची इच्छा.” कुणी तर “पापाचे फळ” असेही पुटपुटतो! जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच तर्क केला होता. प्रभूने तो साफ नाकारला (योहान 9). बेथानीत मार्थेने प्रभूलाच बोल लावला, की तुम्ही इथे असता तर भाऊ गेला नसता (योहान 11). प्रभूने तिला गप्प केले नाही. लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही त्याच्या डोळ्यांत पाणी आले. तत्त्वज्ञानाच्या वर्गात दुःखावर पुष्कळ शिकवतात. रडणाऱ्या आईपुढे त्यातले फारसे कामी येत नाही.

मुलांचा रक्ताचा कर्करोग वेळीच उपचार झाल्यास पुष्कळदा बरा होतो. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. हा रोग संसर्गजन्य नाही, तेव्हा आजाऱ्याची ताटवाटी वेगळी करू नका. स्वतःला सर्दी-ताप असेल तर मात्र भेटीला जाऊ नका.

महिन्याची मिस्सा झाली की शोकाकुल घरी कुणी फिरकत नाही. त्यानंतर जा, गेलेल्या मुलाचे नाव घेऊन बोला. रुग्णाभ्यंगासाठी शेवटच्या घटकेपर्यंत न थांबता मला निरोप द्या.

– आपला धर्मगुरू