केंद्राध्यक्ष झालेल्या भाचीस

चि. सायली,


पहिल्याच इलेक्शन ड्यूटीला थेट केंद्राध्यक्ष केलं म्हणून तू धास्तावलीस, असं ताई म्हणाली. मशीन जोडायला प्रशिक्षणात शिकवतील, हस्तपुस्तिकाही मिळेल. माझं सांगणं एवढंच, की केंद्रावर जे करशील ते मतदान प्रतिनिधींच्या डोळ्यांदेखत कर. जो उमेदवार पडणार आहे, त्याच्या माणसालाही 'सगळं माझ्यासमोर झालं' असं म्हणता आलं पाहिजे.

मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, खऱ्या मतदानाच्या ९० मिनिटं आधी, म्हणजे सातचं मतदान असेल तर साडेपाचला. प्रतिनिधी आले नसतील तर १५ मिनिटं वाट बघ, मग सुरू कर. किमान ५० मतं टाकायची, 'नोटा'सकट प्रत्येक बटणावर. कंट्रोल युनिटवरचा निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवून दाखव. आणि घाईत नेमकं जे राहतं ते विसरू नकोस: 'क्लिअर'चं बटण. डिस्प्लेवरचं शून्य प्रत्येकाला बघू दे. व्हीव्हीपॅटचा कप्पा उघडून रिकामा करून दाखव, चिठ्ठ्यांच्या पाठीवर मॉक पोलचा शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात बंद कर, आणि मगच सील लाव. ती ५० मतं मशीनमध्ये राहिली, तर दिवसभर उन्हात उभं राहून लोकांनी दिलेल्या मतांवर संशय येतो.

दुपारी एखाद्या आजी येतील आणि यादीत त्यांच्या नावाखाली आधीच रेघ मारलेली असेल. 'तुमचं झालंय, जा' असं कुणालाही म्हणू देऊ नकोस. त्यांना स्वतः प्रश्न विचार, ओळख पटली तर प्रदत्त मत हा त्यांचा हक्क आहे. ते मशीनवर नसतं, कागदी मतपत्रिकेवर असतं. नमुना १७-बी वर सही किंवा अंगठा घे आणि मतपत्रिका वेगळ्या लिफाफ्यात ठेव. नेहमीच्या मोजणीत ते मत धरत नाहीत, म्हणून काही जण कंटाळा करतात. मला याचा राग येतो. राजस्थानात २००८ साली नाथद्वाऱ्यात सी. पी. जोशी एका मताने पडले, आणि त्या निकालाच्या वादात प्रदत्त मतांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

कुणाला बटण दाबायचं समजलं नाही तर पुठ्ठ्याच्या नमुना मशीनवर बाहेरच समजाव. मतदान कक्षात कुणी मदतीला घुसता कामा नये. अंध-अपंग मतदाराला सोबती चालतो, पण तो किमान १८ वर्षांचा हवा आणि दिवसभरात एकाच मतदाराचा.

दर दोन तासांनी नमुना १७-ए, म्हणजे मतदार नोंदवहीतली नोंद, आणि मशीनवरचं 'टोटल' ताडून बघ. सहाच्या ठोक्याला रांगेच्या शेपटाकडून सहीच्या चिठ्ठ्या वाटत पुढे ये, म्हणजे नंतर कुणी मागे जोडलं जाणार नाही. चिठ्ठी असलेल्या शेवटच्या माणसाचं मत झालं की 'क्लोज'.

मग सगळे दमलेले असतात, बसही बाहेर उभी असते. तरी नमुना १७-सी, म्हणजे मतांचा हिशेब, सावकाश भर आणि हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला त्याची प्रत देऊन पोच घे. मागितली नाही तरी दे. मोजणीच्या टेबलावर त्याच्या उमेदवाराच्या माणसाकडे तोच कागद असतो.

तुझी,
मावशी